चिलखत आणि पाचवारी

चिलखत माणसाला स्वतःच्या हाताने चढवता येत नाही. ही साधी गोष्ट मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळली. त्याआधीची तीस-पस्तीस वर्षे मी लेस्टरमध्ये हाडांचा सर्जन म्हणून काढली होती. माणसांच्या आत पोलादी पट्ट्या आणि खिळे बसवणे हे माझे काम होते. पोलाद बाहेरून कसे बसवतात, याचा विचार करण्याचे कारण पडले नव्हते.

नवे शतक सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत मी निवृत्त झालो. तिसऱ्या आठवड्यात पत्नी म्हणाली, “अहो, माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावू नका. मला ते हाताच्या सवयीप्रमाणे लागतात. बाहेर काहीतरी काम बघा.”

मी बघितले. शहरापासून अर्ध्या तासावर एका सरदारघराण्याचे जुने घर होते. आता ते लहानसे संग्रहालय झाले होते. सोळाव्या शतकात त्या घराण्यातला एक पुरुष राजदरबारात मानकरी होता आणि दरबारी उत्सवांत घोड्यावरून भाल्याच्या झुंजी खेळत असे. खऱ्या लढाया तोवर बंदुकांकडे गेल्या होत्या. चिलखत उरले होते ते मानापुरते. जितका माणूस मोठा, तितके त्याचे पोलाद नक्षीचे. त्याचे चिलखत काचेच्या कपाटात उभे होते. त्याच्याबद्दल माहिती सांगण्यासाठी संग्रहालयाला स्वयंसेवक हवे होते.

चिलखतांची देखभाल एक पन्नाशीची इंग्रज बाई करीत असे. लोहारकामातून ती या कामात आली होती आणि बोलणेही त्याच वळणाचे होते. माझ्या अर्जाकडे तिने पाहिले नाही, हातांकडे पाहिले. म्हणाली, “सर्जन? म्हणजे गाठी बांधता येत असतील. बोलणारे मला पुष्कळ मिळतात. गाठी बांधणारे मिळत नाहीत.”

दर रविवारी दुपारी प्रेक्षकांसमोर एका माणसाला पुरे चिलखत चढवून दाखवण्याचा कार्यक्रम असे. चिलखत नवे होते, जुन्याबरहुकूम घडवलेले. ते अंगावर घेणारा एक निवृत्त पोस्टमन होता. चढवण्याचे काम मला मिळाले. पहिल्याच दिवशी पोस्टमन मोठ्याने म्हणाला, “डॉक्टर, हा गुडघा तुम्हीच कापलाय. आता त्याच्यावर झाकणही तुम्हीच लावा.” प्रेक्षक हसले. मला त्याचा गुडघा आठवत नव्हता. त्याला माझा चेहरा आठवत होता.

त्या बाईने मला पद्धत शिकवली. सुरुवात पायांपासून. पावले, पोटऱ्या, मांड्या, मग छाती आणि पाठ, मग हात, आणि शिरस्त्राण सर्वांत शेवटी. आत जाड शिवणीचा अंगरखा असतो. त्याला मेण लावलेले बंद असतात आणि पोलादाचा बराचसा भार त्या बंदांवर टांगलेला असतो. पट्टा आवळताना श्वास सोडायला सांगायचे नाही, श्वास पाहायचा. हात लावण्याआधी कुठे लावणार ते उच्चारायचे. “आणि चिलखत घालणाऱ्याने मदत करायची नाही,” ती म्हणाली. “मदत करायला गेला की सगळं सरकतं. त्याने फक्त उभं राहायचं. चुकलं तर सांगायचं.”

त्या काळी ‘नाइट’ हा सरदारी किताब घेणे म्हणजेही बव्हंशी हेच होते. त्या माणसाला इतरांनी न्हाऊ घालायचे, इतरांनी वस्त्रे चढवायची, टाचांना घोडा टोचायच्या लोखंडी आरा दुसऱ्याने बांधायच्या, तलवार दुसऱ्याने कमरेला लावायची. शूर म्हणून ज्याचा गौरव व्हायचा, तो त्या दिवशी स्वतःच्या हाताने काहीच करीत नसे. हे मला विचित्र वाटले होते.

पत्नी शनिवारी आमच्या मंडळात मुलांना मराठी शिकवीत असे. आयुष्यभर तिने प्रयोगशाळेत नोकरी केली, पण खरा जीव शब्दांत. मी तिला विचारले, “शिव्हलरीला मराठीत काय म्हणायचं?”

“दाक्षिण्य. बायकांच्या बाबतीत असेल तर स्त्रीदाक्षिण्य,” ती म्हणाली. “घेऊन जा. कोराच आहे. आपल्या घरात वापरलेला नाही.”

मी तो शब्द वहीत उतरून घेतला.

पुढच्या हिवाळ्यात काचेच्या कपाटातले मूळ चिलखत साफसफाईसाठी सुटे केले होते. त्या बाईने मला ते हातात घेऊन पाहू दिले. चिलखत मापाने बेतलेले असते, त्यामुळे त्यावर शरीर लिहिलेले असते. कमरेपाशी दोन्ही बाजूंना पोलादाच्या पट्ट्या मागाहून जोडल्या होत्या. म्हणजे माणसाचे पोट सुटले होते. हे तिला ठाऊक होते. तिला ठाऊक नव्हते ते मला उजव्या दंडावर दिसले. तिथली पट्ट्याची कडी काढून दोन बोटे आत पुन्हा ठोकली होती. जुनी छिद्रे बुजवलेली होती. डाव्या दंडाची कडी मात्र जागच्या जागी होती. एका बाजूचाच स्नायू झिजला होता. मी तसे टिपण लिहिले. तिने ते टाइप करून कपाटाशेजारी लावले. मी कधी नव्हे तो घरी येताना मिठाई आणली.

त्याच महिन्यांत माझ्या घरात काय चालले होते, ते मला नंतर कळले. पत्नी चहाची किटली डाव्या हाताने उचलू लागली होती. ब्लाउजचा खालचा हुक लावायचा सोडून दिला होता. घरात ती कायम पाचवारी नेसत असे, नोकरीवर पँट आणि घरी साडी हा तिचा चाळीस वर्षांचा नेम होता. आता ती इस्त्रीच्या टेबलावर निऱ्या पसरून सेफ्टी पिनेत अडकवून ठेवत असे, आणि सातांच्या चार झाल्या होत्या. मी दिवसातून तीन वेळा तिच्यासमोर जेवायला बसत होतो.

दिवाळीत मंडळाचा कार्यक्रम होता. ती म्हणाली, “तुम्ही जा. मी येत नाही.”

“का?”

“निऱ्या हातात राहत नाहीत.”

मी तिचा हात घेतला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला उंचवटा बसून तिथे खळगा पडला होता. तो दिसायला डॉक्टर असावे लागत नाही. मी डॉक्टर होतो.

“कधीपासून?”

“तुमच्या त्या सरदाराचा दंड बारीक झाला, तेव्हापासून,” ती म्हणाली.

मेंदूरोगतज्ज्ञाने नाव सांगितले: मोटर न्यूरॉनचा विकार. मला ते खळगा पाहताच कळले होते. हात जातील, मग पाय, मग वाचा, मग श्वास. उपचार नाही. परतताना गाडी बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानांपाशी आली. तिथे ती म्हणाली, “कोथिंबीर घ्यायची आहे. थांबवा.” मी थांबवली.

कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, रोज सकाळी एक मदतनीस बाई येऊ लागली. बाई चांगली होती. कंबरेला इलॅस्टिक असलेल्या सैल पँट आणि पुढून बंद होणारे शर्ट तिने सुचवले. पत्नीने आंघोळ तिच्याकडून करून घेतली. कपड्यांचे नाव निघताच ती म्हणाली, “नाही. साडी.” बाईला साडी येत नव्हती. शेजारच्या गुजराती बाई येऊन मदत करायला तयार होत्या, मंडळातल्या बायका आळीपाळीने यायला तयार होत्या. पत्नीने सर्वांना नको म्हटले.

मी म्हणालो, “मग मी नेसवतो.”

तिने माझ्याकडे पाहिले. शब्दाची चूक सापडली की ती असेच पाहत असे.

“नेसवतात कोणाला, ठाऊक आहे? देवीला. नवरीला. लहान मुलीला. आणि प्रेताला. मी यातली कोण?”

तीन दिवस ती गाऊनमध्ये बसून राहिली आणि खोलीबाहेर आली नाही. दारावर कोणी आले तर मी परत पाठवत असे.

चौथ्या दिवशी मी तिला चिलखताबद्दल सांगितले. आम्ही माझ्या कामाबद्दल सहसा बोलत नसू. मी म्हणालो, की राजालाही स्वतःहून घालता येत नसे. राजा फक्त उभा राहायचा. पायांपासून सुरुवात व्हायची. हात लावण्याआधी चढवणारा सांगायचा. घालणाऱ्याचे काम एकच, चूक झाली तर दाखवायची.

ती म्हणाली, “चूक दाखवायची?”

“हो.”

“ते मला जमेल,” ती म्हणाली. “पण एक लक्षात ठेवा. तुम्ही नेसवायचं असेल तर तुम्हीच. परक्याचा हात नको. मी आहे तोवर, आणि नसेन तेव्हाही.”

“बरं,” मी म्हणालो.

पहिल्या सकाळी मला पाऊण तास लागला. ती खुर्चीची पाठ धरून उभी होती. मी समोर उभा राहून प्रत्येक गोष्ट आधी सांगत होतो. आता परकराची नाडी. आता पहिला वेढा. आता निऱ्या. सात घातल्या, खोचल्या, उरलेले टोक वर नेले.

“थांबा,” ती म्हणाली. “पदर कुठे निघाला?”

“खांद्यावर.”

“कुठल्या?”

मी पाहिले. उजव्या खांद्यावर होता. समोरून नेसवताना मी माझ्या उजवीकडून सुरुवात केली होती. ती तिची डावी. पहिल्या वेढ्यापासून सगळे आरशात दिसावे तसे उलट झाले होते.

“बेलग्रेव्ह रोडवरून तीस वर्षं भाजी आणलीत, त्याचा हा परिणाम,” ती म्हणाली. “मला गुजराती करून टाकलंत. तेही धड नाही. त्यांचा पदर मागून पुढे येतो.”

“ऑपरेशन थिएटरमध्ये मी कधी डावं-उजवं चुकलो नाही.”

“तिथे पेशंटवर बाण काढलेला असायचा. काढा माझ्यावरही.”

ती हसली. आजाराचे निदान ऐकल्यानंतर प्रथमच. मी सगळी साडी सोडली आणि पुन्हा सुरुवात केली.

त्यानंतर आठ महिने रोज सकाळी मी तिला साडी नेसवली. वेळ पाऊण तासावरून पंधरा मिनिटांवर आला. तिचा डावा खांदा आखडला होता, म्हणून ब्लाउजची डावी बाही आधी घालायची हे मी शिकलो. सुती साडीच्या निऱ्या कशा बसतात, जॉर्जेटच्या कशा निसटतात, हे शिकलो. ती रोज काही ना काही चूक काढी. घोट्यापाशी आखूड. मागे झोळ. “हा काठ आहे, बँडेज नाही.” चूक निघायची थांबली, की ती म्हणे, “आता बरोबर.” मग मी पदराला पिन लावीत असे. याखेरीज त्या वर्षात आम्ही फारसे काही बोललो नाही. आधीच्या चाळीस वर्षांच्या मानाने ते पुष्कळ होते.

उन्हाळ्यात एका रविवारी ती संग्रहालयात आली. चाकाच्या खुर्चीत, निळ्या इरकली साडीत. मी पोस्टमनला चिलखत चढवत होतो आणि चिलखतांची देखभाल करणारी ती बाई प्रेक्षकांना सांगत होती. झुंजीत दोन घोडेस्वार एकमेकांच्या डाव्या अंगाने जात, म्हणून डावीकडचे पोलाद जाड असे. आणि सरदार आपल्याला चिलखत चढवणारा माणूस फार जपून निवडत असे. कारण एक पट्टा सैल सोडला तर तो माणूस धन्याचा जीव घेऊ शकतो, आणि ते कोणाला कळतही नाही.

परतताना गाडीत पत्नी म्हणाली, “ऐकलंत ना? पट्टा सैल सोडण्याबद्दल?” तिचे बोलणे तेव्हा जड होऊ लागले होते. मला तिच्याकडे न पाहता समजत नसे.

“मी सैल सोडत नाही,” मी म्हणालो.

“नाही. तुम्ही आवळता. पहिल्यापासून.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “हल्ली जरा बरं जमतंय.”

शरद ऋतूत तिला उभे राहता येईनासे झाले. मग वाचा गेली. आम्ही खुणा ठरवल्या. चुकले की ती डोळे मिटून घेई. बरोबर असले की माझ्याकडे पाही. मी पलंगावर, कुशीवर वळवून साडी नेसवू लागलो. कौन्सिलच्या बाईने एकदा मला स्वयंपाकघरात बोलावले. ती हळू आवाजात म्हणाली, “डॉक्टर, रागावू नका. इतकं वळवल्याने त्यांना दुखतं. हे आपण कोणासाठी करतोय? त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?”

प्रश्न योग्य होता. मी खोलीत जाऊन पत्नीला विचारले, “उद्यापासून गाऊन ठेवायचा का?”

तिने डोळे मिटले. मी पुन्हा विचारले. तिने डोळे उघडलेच नाहीत. मी “बरं, साडी” म्हणेपर्यंत उघडले नाहीत.

जानेवारीत छातीत संसर्ग झाला आणि तिला रुग्णालयात हलवावे लागले. पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. अंगावर रुग्णालयाचा गाऊन होता, मागे तीन नाड्या असलेला. असे हजारो गाऊन मी पाहिले होते.

अंत्यविधी करणाऱ्या कंपनीच्या जागेत मागे एक खोली होती. नातेवाइकांना स्वतः तयारी करायची असेल तर ती देत. मी पोहोचलो तेव्हा मंडळातल्या तीन बायका आधीच आल्या होत्या. त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाई ऐंशीच्या घरात होत्या. नवरा हयात असताना गेलेल्या बाईला सवाष्णींनी हिरवी साडी नेसवायची, हळदकुंकू लावायचे, ओटी भरायची, ही रीत लेस्टरमध्ये त्यांनीच टिकवली होती. त्या स्वतः विधवा होत्या, त्यामुळे साडीला हात लावत नसत, दारात उभ्या राहून सगळे करवून घेत. हिरवी साडी त्यांनी बरोबरच्या दोघींकडून आणवली होती. नवी, कडक, घडीही न मोडलेली.

“डॉक्टर, तुम्ही बाहेर बसा,” त्या म्हणाल्या. “झालं की बोलावते.”

“मी नेसवणार आहे.”

“अहो, पुरुषांचं काम नाही हे. आपल्यात असं चालत नाही.”

“आठ महिने चालत होतं. नंतर पलंगावरही.”

“ते आजारपण होतं, भाऊ. हे वेगळं आहे. तिला मान द्यायचा तर रीतीने द्यायला हवा.”

मी वाद घालणारा माणूस नाही. मंडळात तर मी चार खुर्च्या पलीकडे बसणारा. पण मी दारातून हललो नाही. मी म्हणालो, “परक्याचा हात नको, असं तिने सांगितलं होतं. नसेन तेव्हाही, असंही.”

दोघी तरुण बायका खाली पाहू लागल्या. आपल्याला परके म्हटल्याचे त्यांना लागले असणार. ते मला म्हणायचे होते त्यापेक्षा कठोर झाले, आणि मऊ करण्याचे शब्द माझ्यापाशी नव्हते. वडीलधाऱ्या बाई माझ्याकडे वळल्या.

“येतं तुम्हाला?”

“येतं.”

“निऱ्या कुठल्या अंगाला?”

“डाव्या.”

त्यांच्या खुणेवर एकीने साडी माझ्या हातात दिली. “उचलायला या दोघी लागतील,” त्या म्हणाल्या. “त्या फक्त उचलतील. कुंकू मात्र त्याच लावतील. तेवढं आमच्याकडे राहू द्या.”

मी होकार दिला.

दोघींनी उचलले. ब्लाउज घातला, परकर घातला. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी मी काय करणार ते बोलत होतो. आता डावी बाही. आता वेढा. त्या दोघींना वाटले असेल मी त्यांना सांगतोय. मग निऱ्या घातल्या. साडी कोरी होती, सुताला अजून खळ होती. निऱ्या एकावर एक बसेनात, पंख्यासारख्या उघडू लागल्या. मी त्या सोडल्या आणि पुन्हा घातल्या. या वेळी सारख्या आल्या, असे मला वाटले. पण नक्की सांगता येईना. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. डोळे मिटलेले होते.

मी निऱ्या पुन्हा सोडल्या.

तिसऱ्यांदा घालत असताना वडीलधाऱ्या बाई दारातून आत आल्या. इतकी वर्षे पाळलेली रीत सोडून त्यांनी साडीला हात लावला. माझ्या बोटांतल्या निऱ्या त्यांनी वरून दाबून धरल्या.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “बरोबर आहेत. खोचा आता.”

मी खोचल्या.